वाऱ्याला दिलेल्या शिव्या

डेल्मर हकबी हा मोंटानातला निवृत्त बस-मेकॅनिक. त्याच्या गॅरेजात मोटारीला जागाच नव्हती, कारण तिथे बसून तो आपल्या धिप्पाड रिव्हॉल्वरची काडतुसं स्वतः भरायचा. बंदुकीची दारू तोलताना श्वास रोखायचा, तरी निशाणाच्या कागदावर छिद्रं मात्र पांगलेलीच. "माझ्या गोळ्या म्हणजे भांडलेल्या जावा," तो सांगायचा, "एकमेकींच्या शेजारी बसायला तयार नाहीत!" मग त्याने दारू बदलली, शिसं बदललं, आणि एकदा तर माळावरच्या वाऱ्याला आईबहिणीवरून शिव्या घालून आला.

त्या शनिवारी त्याची बायको नेडीनही त्याच्याबरोबर माळावर गेली. "तोंड फिरव तिकडे, आज मी भरून देते," म्हणत तिने रिव्हॉल्वर भरून त्याच्या हातात दिलं. डेल्मरने वाळूच्या पिशवीवर मनगटं टेकवली. पहिल्या बाराने कानठळ्या बसल्या. दुसऱ्यांदा चाप ओढला, तर नुसतं 'खट्' झालं. बार उडालाच नाही. पण नळीने मात्र चांगली मान खाली घातली होती, आणि डेल्मरचे डोळे गच्च मिटले होते.

नेडीनने मधेच एक उडालेलं, रिकामं काडतूस घातलं होतं.

"काय रे, कशाला दचकलास?"

डेल्मर नळीकडे बघतच राहिला. "म्हणजे इतकी वर्षं मी दारूला नावं ठेवली," तो म्हणाला, "आणि दर बाराआधी दचकून नेम चुकवणारा भित्रा निघालो मी!"

"दारूचं जाऊ दे," नेडीन म्हणाली. "आधी त्या वाऱ्याची माफी माग."

डेल्मरने टोपी काढली आणि मोकळ्या माळाकडे बघून खरोखरच मागितली.