लिमलेटचा ऑक्सिजन

माझी मैत्रीण माझ्या घरात, माझ्याच चटईवर मरायला टेकली होती आणि मी तिला म्हणत होते, "झकास! असंच चालू ठेव." एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला दीड वर्ष लागलं. आत्ताही लिहिताना तळहात ओले झालेत. तशी मी घाबरट नाही हं. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत जिन्यात साप निघाला तेव्हा काठी घेऊन पुढे मीच होते, पुरुषमंडळी वरून सूचना देत होती. पण त्या दुपारची भीती आजही गेलेली नाही.

आधी आमचा खेळ सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं माझ्या हॉलमध्ये बसायचो. मी, माझा धाकटा भाऊ, तळमजल्यावरचे मालवणी काका, गोदीतून निवृत्त झालेले, आणि ही माझी मैत्रीण. खेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून रचलेली गोष्ट. मी सूत्रधार. मी प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन बोलायचं, अडलं तिथे फासे टाकायचे. गोष्ट घडायची अवकाशात, पण तिथे शिस्तीचे शास्त्रज्ञ वगैरे कोणी नाहीत. कोर्ट नाही, कचेरी नाही, ज्याच्या कमरेला पिस्तूल तो साहेब. अंतराळात तरंगणारे मोठमोठे खडक, आम्ही त्यांना धोंडेच म्हणायचो, ते पोखरून धातू काढायचा आणि दुसऱ्या टोळीने पळवायच्या आत घेऊन सुटायचं. भाऊ खटारा यान चालवायचा. काका फौजदार, आणि फौजदार अवकाशातही मालवणीच बोलायचा. मैत्रीण खाणीत ड्रिल चालवणारी बाई, तोंडाने फटकळ आणि कोणाच्या बापाला न भिणारी.

नियम दोनच होते, दोन्ही मी केलेले. पहिला टोपीचा. नॅशनल पार्कच्या सहलीला जाताना स्टेशनबाहेर घेतलेली रुंद काठाची तपकिरी टोपी होती. ज्याची पाळी तो ती घालायचा; डोक्यावर असेल तर बोलतंय ते पात्र. स्वतःचं काही सांगायचं, अगदी बाथरूमला जायचं असलं तरी, आधी टोपी काढायची. दुसरा नियम ऑक्सिजनचा. प्रत्येकाच्या बशीत दहा लिमलेटच्या गोळ्या. जड काम केलं, धावलं, पडलं की एक गोळी माझ्या डब्यात जमा. बशी रिकामी झाली की पात्र मेलं. आणि खेळ संपेपर्यंत गोळी तोंडात टाकायची नाही. भाऊ पहिल्याच दिवशी बोलता बोलता चार गोळ्या खाऊन मोकळा झाला होता, तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून बशांवर पहारा द्यायचे. कोणाचा हात बशीकडे गेला की माझी चापट ठरलेली.

ती आणि मी वाकोल्यात एकाच गल्लीत वाढलो. ती अकरा वर्षांची असल्यापासून तिला इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. सुई घेतली की जेवायचंच, यात चालढकल नाही, नाहीतर रक्तातली साखर उतरते, हे मला शाळेपासून पाठ. तिच्या आईने मला कितीदा सांगितलं होतं, "तू असलीस की मला घोर नाही." मला! अक्कल गहाण टाकणाऱ्या बाईला!

त्या रविवारी खेळ लांबला. दीड वाजला, मटण शिजून घरभर वास सुटला होता, काका आवंढे गिळत होते. मी म्हटलं, "चला, पाच मिनिटांत पानं घेते." ती आत गेली आणि सुई घेऊन आली. नेहमीसारखंच. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, धोंड्याच्या पोटातला बोगदा कोसळला तर? ती आत एकटी, बाहेर हे दोघं. मला राहवेना.

"एक प्रसंग. बस एकच."

"अगं, मी सुई घेतलीय."

"हो गं बाई, पाच मिनिटं. उपाशी नाही ठेवत तुला."

तिने टोपी घातली. पाच मिनिटांची चाळीस कधी झाली मला कळलं नाही. खरं सांगायचं तर कळत होतं. समोर भिंतीवर घड्याळ होतं, बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूलाच. मी बघून न बघितल्यासारखं केलं, कारण प्रसंग रंगला होता. काका आणि भाऊ बाहेरून दगड उपसत होते, दर फेरीला मी तिची एक गोळी उचलत होते. तिचं बोलणं हळू झालं. शब्द जिभेला चिकटायला लागले. हात थरथरायला लागले. मला वाटलं, वा, काय बसवलंय हिने! हवा संपत आलेली बाई अशीच बोलणार.

ती म्हणाली, "मला घरी जायचंय."

आवाज तिचा नव्हता. लहान मुलीचा वाटला. माझ्या अंगावर काटा आला आणि मी तो शहारा कौतुकाच्या खात्यात टाकला. सूत्रधाराच्या जाड आवाजात म्हटलं, "घर? घर इथून बेचाळीस दिवसांच्या वाटेवर आहे."

"घरी जायचंय."

"झकास! असंच चालू ठेव."

मग तिने बशीकडे हात नेला. बशीत दोन गोळ्या उरल्या होत्या. तिची बोटं धड उचलत नव्हती, एक गोळी कशीबशी चिमटीत आली. आणि मी फाडकन तिच्या हातावर चापट मारली. "ऑक्सिजन खायचा नाही!" गोळी घरंगळत टीव्हीच्या टेबलाखाली गेली. भाऊ हसला. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी सांगू शकत नाही. मला ओळखतच नसल्यासारखी होती.

काका फौजदार होते, त्यांची पाळीही नव्हती. पण ते एकदम उठून उभे राहिले. "अगो, ह्यो खेळ नाय! तिका घाम बघ किती इलो!"

तेव्हा मला दिसलं. पंखा गरगरत होता आणि तिचा ड्रेस पाठीला चिकटला होता. टोपीच्या काठाखालून घाम टपकत होता. टोपी! ती काढणार कशी? डोक्यावर टोपी आहे हेही तिला कळत नव्हतं. आणि मी त्या टोपीच्या भरवशावर बसले होते.

मी धावले. स्वयंपाकघरात गेले तर साखरेचा डबा सापडेना. माझं घर, माझा ओटा, रोज चहा करणारी मी, आणि डबा सापडेना. मी मोठमोठ्याने रडत फडताळातले डबे खाली पाडत होते, डाळ, पोहे, रवा, सगळं जमिनीवर. डबा गॅसशेजारीच होता. पाण्यात साखर ढवळताना अर्धी सांडली. बाहेर काकांनी तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि तिची मान सरळ धरली होती. भाऊ तिच्या पर्समधलं साखर मोजायचं मशीन काढून बोटाला टोचत होता. आकडा बघून त्याने मशीन माझ्याकडे वळवलं. मी चमच्याने पाणी तिच्या ओठांना लावलं. "गीळ गं. गीळ ना. माझी आई, गीळ." पहिला चमचा हनुवटीवरून ओघळला. दुसरा गेला. मला आयुष्यात देव आठवत नाही, आमच्या घरात ती सवयच नाही. त्या वेळी मी कोणाला हाक मारत होते कोण जाणे.

पंधरा मिनिटं गेली असतील. तिचे डोळे हळूहळू माझ्यावर स्थिरावले. ती म्हणाली, "अशी का बघतेस? मटण करपलं का?"

मटण खरंच करपलं होतं. तिने ते पोटभर खाल्लं. नंतर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी वेळेवर साखर दिली म्हणून माझी पाठ थोपटली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षात तिने विचारलं, "काय झालं गं नक्की? मला टोपी घातल्यानंतरचं काही आठवत नाही."

मी म्हटलं, "तुला चक्कर आली. आम्ही साखरपाणी दिलं."

एवढंच. चापटेचं बोलले नाही. भावालाही तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. काकांना सांगायची हिंमत झाली नाही, पण ते आपणहून गप्प राहिले.

त्यानंतर खेळ बंद. तिचा दर आठवड्याला मेसेज, "माझी बाई बोगद्यात अडकलीय, विसरलीस का?" मी कधी पाहुणे सांगितले, कधी ऑफिस. खरी गोष्ट ही की मला दोन गोष्टींची भीती होती. एक, पुन्हा तसं होईल ही. दुसरी जास्त मोठी होती, तिला एक दिवस आठवेल ही. तिचा फोन वाजला की बराच वेळ वाजू देऊन मग मी उचलायचे. अंधेरीला आमची ऑफिसं जवळजवळ, तरी जेवायच्या सुट्टीत मी तिला टाळायला लागले. तीस वर्षांपासूनची मैत्रीण, आणि स्टेशनवर तिला बघून मी जिना बदलायचे!

चार महिन्यांनी एका रविवारी दार वाजलं. दारात ती. हातात डबा, त्यात आईने दिलेली थालीपीठं. माझ्यादेखत तिने दोन खाल्ली, पाणी प्यायली, चटईवर बसली आणि म्हणाली, "काढ बशा."

"आज नको. भाऊ नाही, काका गावाला गेलेत."

"बोगद्यात मी एकटीच आहे. त्यांचं काय काम? काढ."

मी काढल्या. तिच्या बशीत, जिथे थांबलो होतो तिथून म्हणून, मी दोन गोळ्या ठेवल्या.

"एक," ती म्हणाली आणि एक गोळी उचलून माझ्या डब्यात टाकली. "दुसरी टीव्हीच्या टेबलाखाली गेली ना?"

कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं.

"रिक्षात नव्हतं आठवत," ती म्हणाली. "दोन दिवसांनी हळूहळू आठवलं. सगळं नाही. हात आठवतो. मला कळत होतं की ते गोड आहे आणि मला ते पाहिजे. बाकी काही कळत नव्हतं, तू कोण हे पण नाही. म्हटलं, सांगेल ही. आज सांगेल, उद्या सांगेल. चार महिने वाट बघितली यार."

टोपी आमच्या दोघींच्या मध्ये चटईवर पडली होती. माझ्या तोंडून सूत्रधाराचा आवाज निघेना, माझा तर त्याहून निघेना. ती थांबून राहिली. तिने मला मदत केली नाही, आणि बरंच केलं.

"मी तुला मारलं," मी म्हटलं. "तू खायला मागत होतीस आणि मी तुझ्या हातावर मारलं. उशीर पण मीच केला. मला घड्याळ दिसत होतं."

मग मी रडले, चांगली हुंदके देऊन. तिने रडू दिलं. जवळ घेतलं नाही, "जाऊ दे गं" असंही म्हणाली नाही. माझं नाक पुसून होईपर्यंत ती नुसती बसून होती. नंतर बशीतली गोळी उचलून, माझ्याकडे बघत, तिने ती तोंडात टाकली. कडाकडा चावली.

मी तिचा हात अडवला नाही.

तिने टोपी उचलून डोक्यावर घातली, काठ सरळ केला आणि ड्रिलवालीच्या त्या फटकळ आवाजात म्हणाली, "ऑक्सिजन संपला बाई. आता काढ मला बाहेर."