वेळापत्रकातलं बाळ

"बाई गेल्या... उद्या वर्ग होईल का?" कविताने फोनवर दोन्ही वाक्यं एका दमात उरकली आणि माझ्यासारखा रंगमंचावर तासभर बडबडणारा माणूस गप्प झाला. बाई म्हणजे माझी नलूमावशी. कविता तिची विद्यार्थिनी, वय सतरा. घरच्यांनी लग्न लावलं, शाळा सुटली, मुलगी झाली. यंदा ती बाहेरून दहावीला बसते आहे.

निवृत्तीनंतर मावशी सदाशिव पेठेतल्या आपल्याच जुन्या शाळेत दुपारी अशा शाळा सुटलेल्या मुलींना शिकवायची. कविता बाळ घेऊन आली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "अहो बाई, ही शाळा आहे, पाळणाघर नाही." पाळणाघर म्हणालं, "वर्षाचं झालं की आणा." परीक्षा काही तोवर थांबणार नव्हती. शाळेत माणसं देवाचा शब्द मोडतील, वेळापत्रक मोडणार नाहीत, हे मावशीला पक्कं ठाऊक. शिक्षकांच्या खोलीतल्या वेळापत्रकात तिने लाल पेनने एक रकाना वाढवला : 'बाळ'. ज्याचा तास मोकळा, त्याचं नाव त्यात.

"मला मुलं सांभाळता येत नाहीत," गणिताचे सर कुरकुरले.

"तीस वर्षं आमच्या लक्षात येतंय ते," मावशी म्हणाली. महिन्याभरात सर बाळाला मांडीवर घेऊन वह्या तपासू लागले.

गुरुवारच्या तासाला तिने मला न विचारता माझं नाव घातलं होतं. मी दोनदा गेलो, सिंहाची डरकाळी फोडली, बाळाला रडवलं. मग तालमी, घसा, पाहुणे... कारणं माझ्याकडे भरपूर. माझे गुरुवार चौऱ्याहत्तर वर्षांची मावशी बाळ कडेवर घेऊन, फळ्यावर लिहीत काढायची. हे मला तिच्यामागे सरांकडून कळलं.

तीन आठवड्यांनी तिची शाळेत राहिलेली पिशवी आणायला गेलो. शोकसभेत 'बाईंचा वारसा' यावर वीस मिनिटं बोललेले मुख्याध्यापक म्हणाले, "वर्ग सर चालवतील. बाळाचं मात्र त्या मुलीनं बघावं."

"वारसा आठ महिन्यांचा आहे, साहेब. त्याला दात येताहेत," मी म्हणालो. ते हसले नाहीत. मलाही हसू येत नव्हतं.

दारात कविता उभी होती. कडेवर बाळ, हातात विज्ञानाचं पुस्तक. आत यावं की परत जावं, ते तिला कळत नव्हतं. भिंतीवर वेळापत्रक तसंच होतं. वार गुरुवार. मी हात पुढे केले.

"अहो, पण..." मुख्याध्यापक म्हणाले.

मी लाल रकान्यातल्या माझ्या नावावर बोट ठेवलं.

"डरकाळी नको हं, काका," बाळ देताना कविता हळूच म्हणाली. "आत्ताच झोपलीये."

मावशीच्या खुर्चीत मी पूर्ण तासभर गप्प बसलो.