डाव्या पायाचं नाटक

ऑरिन कुबियाकला लोक त्याच्या डाव्या पायावरून ओळखायचे. चेहरा नंतर. सत्तर सालची डॉज चॅलेंजर, पिकलेल्या आलुबुखाराच्या रंगाची, आणि तिच्यातला तो पिस्तुलाच्या मुठीसारखा गिअरचा दांडा. सिग्नल हिरवा झाला की ऑरिन क्लच असा सोडायचा, की शेजारच्या गाडीतला माणूस आपणही निघायचंय हे विसरून बघत राहायचा. फ्लिंटच्या कारखान्यात त्यानं तीस वर्षं गाड्यांना दारं बसवली. ती सगळी दुसऱ्यांची. ही एकच त्याची, लग्नाच्याही आधीची. डोरीन म्हणायची, "मी दुसरी आहे. मला लग्नातच माहीत होतं."

ऑटोमॅटिक गाडीचा विषय निघाला की ऑरिनचं नाक वाकडं व्हायचं. "ती गाडी नव्हे रे, लिफ्ट आहे. बटण दाबा आणि वर जा."

म्हणून आठ वर्षांपूर्वी त्यांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या मर्ल टॅगर्टनं खुबा बदलून घेतल्यावर आपल्या हिरव्या शेव्हेल गाडीत ऑटोमॅटिक गिअर बसवला, आणि तसं सगळ्यांना सरळ सांगितलं, तेव्हा आइस्क्रीमच्या दुकानामागच्या पटांगणात ऑरिननं डोक्यावरची टोपी काढली, कमरेत वाकला आणि शेव्हेलचं दार उघडून धरलं.

"या काकू, या! पर्स कुठं ठेवू तुमची?"

क्लबातली माणसं हसून हसून गाड्यांना टेकली. मर्लही हसला. त्या दिवसापासून तो काकू झाला. त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या केकवरही क्लबनं तेच लिहून आणलं. मेणबत्त्या ऑरिननंच पेटवल्या.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी ऑरिनचा स्वतःचा गुडघा गेला.

गेला म्हणजे एकदम नाही. आधी जिना नको म्हणाला, मग थंडी नको म्हणाला, आणि एका दुपारी रेल्वेच्या फाटकात मधोमध क्लच दाबायचा म्हणून ऑरिननं पाय उचलला, तर पायानं ऐकलंच नाही. गाडी आचका देऊन बंद पडली. आगगाडी यायची वेळ नव्हती. बघायला शेतातली रानबदकं तेवढी होती. पण ऑरिनच्या पाठीवरून घाम असा उतरला, जणू सगळं पटांगण कुंपणाला उभं राहून बघत होतं.

"विकून टाक," डोरीन म्हणाली.

"विकतो," ऑरिन म्हणाला, आणि दुसऱ्याच आठवड्यात गाडी घेऊन टोलेडोच्या पलीकडे गेला, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं.

"ऑटोमॅटिक बसवा," तिथल्या मिस्त्रीला तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण हा दांडा इथंच राहू दे. आणि क्लचचं पेडलही."

"पेडल? ते कशाला जोडू?"

"कशालाच नको. स्प्रिंग लाव. दाबलं की वर यायला हवं."

मिस्त्रीनं एकदा पेडलकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि पुढं काही विचारलं नाही. ते न विचारणंच ऑरिनला लागलं. गिअरची खरी बटणं डॅशबोर्डमधल्या ॲशट्रेत बसवली. झाकण लावलं की कुणाच्या बापाला कळलं नसतं.

तेव्हापासून दर रविवारी पटांगणात सगळ्यांत आधी ऑरिन यायचा आणि सगळ्यांत शेवटी निघायचा. टायर जागेवर फिरवून धूर काढून दाखव म्हटलं की "टायर काय भाव झालेत माहीत आहे का?" म्हणायचा. रस्त्यावर मात्र नुसतं पेडल दाबत, नुसता दांडा ओढत इमानदारीनं नाटक करायचा, अगदी एकटा असला तरी. आणि मर्लला काकू म्हणायचं त्यानं थांबवलं नाही. उलट जास्त मोठ्यानं म्हणायला लागला. एकदम थांबला असता तर लोकांनी विचारलं असतं, का रे बाबा?

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. यानंतर गाड्या झाकून ठेवायच्या, त्या थेट वसंतात काढायच्या. म्हणून त्या दिवशी क्लबात एक खेळ असतो. सगळ्यांच्या चाव्या एका टोपीत टाकायच्या. ज्याच्या हाताला जी चावी येईल, ती गाडी त्यानं पुलापर्यंत नेऊन आणायची. मालकानं शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मागच्या वर्षी ऑरिनला नेमका त्याच दिवशी ताप आला होता.

"यंदा काय येणार आहे?" डोरीननं सकाळी विचारलं.

"काही नाही. उशिरा जातो. तोवर संपलेलं असेल."

संपलेलं नव्हतं. क्लबाची सगळी उठाठेव करणारी जोनी टोपी घेऊन फाटकातच उभी होती.

"आले बघा महाराज! तुझ्यासाठी थांबलोय सगळे. टाक चावी."

"अगं, माझा गुडघा जरा..."

"गुडघा तुला चालवायचाय का? दुसरं कुणीतरी चालवणार आहे तुझी. टाक!"

चावी टोपीत पडली. जोनीनं टोपी हलवली, माणसं एकेक करून हात घालत गेली, आणि कुणीतरी एवढ्या जोरानं ओरडलं की सफरचंदाच्या गरम रसाचे पेले हिंदकळले.

"काकूला चॅलेंजर! काकूला ऑरिनची चॅलेंजर!"

मर्ल चावी बोटात धरून उभा होता. सगळं पटांगण ऑरिनकडे बघायला लागलं. आता तो काय बोलतो? त्याला काही बोलायचं नव्हतं. पण न बोलणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि तोंडाला तर सवयच होती.

"काकू, डावा पाय कशासाठी असतो ते आठवतंय ना? नाहीतर कुणाला तरी विचारून घ्या!"

हशा झाला. ऑरिन स्वतःही हसला, आणि हसता हसता त्याचे कान आतून तापले.

मर्ल सावकाश गाडीत बसला, खुबा आधी आणि पाय मागून. ऑरिन शेजारी बसला. 'आता पेडल दाबेल. आता ते लिबलिबीत खाली जाईल. आता हा माझ्याकडे बघेल.' 

मर्लनं पेडल दाबलंच नाही. इंजिन सुरू केलं, अंगठ्यानं ॲशट्रेचं झाकण वर केलं आणि पुढचं बटण दाबलं. जणू स्वतःच्या घरातला दिवा लावत होता. मग बाहेर सगळे बघत होते म्हणून डाव्या पायानं ते खोटं पेडल ठसक्यात दाबलं, दांडा खाली ओढला, आणि चॅलेंजर अशी काही निघाली की मागून टाळ्या पडल्या.

"काकूला येतंय की रे!"

मक्याची कापलेली शेतं मागं पडत गेली. मर्ल वेळच्या वेळी पेडल दाबत होता, दांडा हलवत होता. फार सुरेख करत होता. ऑरिनपेक्षाही सुरेख.

"पुरे कर आता," ऑरिन शेवटी म्हणाला. "कोणी बघत नाहीये."

मर्लनं दांड्यावरचा हात काढला.

"कधी कळलं तुला?"

"मागच्या वर्षी. मे महिन्यात."

"मे? म्हणजे..."

"म्हणजे पहिल्याच दिवशी. हातानं गिअर टाकला की मध्ये गाडी एक श्वास घेते, ऑरिन. तुझी घेत नव्हती. कान आहेत मला. आणि निघताना दर वेळी ॲशट्रेत बोट घालतोस, तेही दिसतं."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, तू बोलशील."

पूल आला. मर्लनं गाडी कडेला घेतली. खाली नदीत पानं वाहत होती. ऑरिनला त्या मेपासूनचा एकेक रविवार आठवायला लागला. 'काकू, या.' 'काकूंना खुर्ची द्या रे.' 'काकू, रस्ता ओलांडून देऊ का?' प्रत्येक वेळी मर्लला माहीत होतं. प्रत्येक वेळी त्यानं ॲशट्रे असलेल्या त्या गाडीकडे एकदा बघितलं असणार, आणि हातातला पेला तोंडाला लावला असणार.

"मर्ल, मी..." ऑरिननं सुरुवात केली.

"माझ्या नातीनं तो केक बघितला," मर्ल नदीकडे बघत म्हणाला. "सात वर्षांची होती. घरी जाताना विचारलं, आजोबा, तुम्हाला काकू का म्हणतात? सांगता येईना मला काही." मग त्यानं चावी काढून ऑरिनच्या मांडीवर ठेवली. "परत तू चालव. माझा पाय दुखतोय हे तुझं पेडल दाबून."

पटांगणात शिरताना ऑरिननं दांड्याला हात लावला नाही. गाडी मधोमध उभी केली, उतरला आणि म्हणाला, "जोनी, इकडं ये. आत बस. क्लच दाब."

"का? बिघडवलं काकूनं?"

"दाब तर."

तिनं दाबलं. पेडल कसलाही आवाज न करता तळाला गेलं, आणि पाय काढल्यावर स्प्रिंगनं डुलत वर आलं. जोनीनं पुन्हा दाबलं.

"अरे, तुटलाय हा!"

"तुटला नाही. नाहीच तो. ऑटोमॅटिक आहे. दोन वर्षं झाली." त्यानं पुढं रेटलं. "आणि मर्लला हे दीड वर्ष माहीत आहे, आणि मी त्याला..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. आधी एक जण फिस्सकन हसला, मग सगळेच.

"दोन काकू! अरे, आपल्याकडे दोन दोन काकू!"

"खोटं पेडल! देवा रे, स्प्रिंग लावली म्हाताऱ्यानं!"

त्याच्या पाठीवर थापा पडल्या. कुणीतरी हातात रस दिला, कुणीतरी डोनट. जोनीनं तर डोळे पुसत गालाची पापी घेतली. एवढंच? दोन वर्षं ज्याच्या भीतीनं तो तापाचं निमित्त काढून घरी बसला, ते एवढंच होतं? ऑरिननं गर्दीतून मान वर करून मर्लला शोधलं. मर्ल शेव्हेलचं उघडं बोनेट लावत होता. गर्दीकडे पाठ होती. मग तो बसला, आणि हिरवी गाडी फाटकातून बाहेर पडली. कुणाचं लक्ष नव्हतं.

रात्री जेवताना डोरीन म्हणाली, "कळलं ना एकदाचं? हसले ना? मग झालं की."

"झालं कसलं?" ऑरिननं काटा खाली ठेवला. "मला एका मिनिटात सोडलं त्यांनी. त्याला आठ वर्षं धरून ठेवलं होतं. मी."

 त्याच्या ताटातलं गार झालेलं मांस डोरीननं उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी झाकायची होती. ऑरिन गुडघा सरळ ठेवून गॅरेजच्या फरशीवर आडवा झाला आणि ते पेडल पान्यानं सोडवलं. उठायला त्याला खूप वेळ लागला. मग पेडल नसलेली गाडी काढून तो मर्लच्या घरी गेला. दारापुढच्या रस्त्यावर गाडी उभी केली, बोनेट न उघडता, हॉर्न न वाजवता. स्वयंपाकघराच्या खिडकीतला पडदा हलला. मर्लचा चेहरा दिसला, आणि तिथंच थांबला.

ऑरिननं टोपी काढली. आठ वर्षांपूर्वी काढली होती, तशीच. पण या वेळी तोंडात काही तयार नव्हतं. डोकं उघडं ठेवून तो थंडीत उभा राहिला, दार उघडेल की नाही याची वाट बघत.