लाल किल्ल्यापुढं संजू

आता दिल्लीचं नाव तुम्हीच काढलंसा म्हणून सांगतो. हसणार हाय म्हणा तुम्ही, पण निदान हातातला च्या तरी खाली ठेवा.

त्या साली मी नवा कॅमेरा घेतलता. आमच्या उचगावात तेव्हा कॅमेरा म्हणजे काय चेष्टा न्हवं! नुसता गळ्यात अडकवून तालमीवरनं गेलो तरी पैलवान जोर मारायचे थांबायचे. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली. विळा, कुऱ्हाड, बायकोचं शिवणाचं मशीन आणि मधोमध माझा कॅमेरा. आई पूजेला पुढं आली तसा मी ओरडलो, "थांब गं आये! नाजूक वस्तू हाय ती, अडाण्याचं काम न्हवं. ह्याची पूजा मी करतो!"

केली पूजा. मग कातडी पिशवीत घातला, तो दिल्ली येईपर्यंत कुणाला हात लावू दिला न्हाय.

दिल्लीला जायचे बायको, पोरगा संजू आणि मी; आईचे गुडघे गेलेले, तिला काय येता येईना. निघताना माझा हात धरून म्हणाली, "मी काय आता राजधानी बघत न्हाय. पर आपला संजू लाल किल्ल्यापुढं उभा ऱ्हायल्याला एक फोटू आण. पुरं झालं मला." डोळ्यांत पाणी आलं हो तिच्या.

मी म्हटलं, "एक काय घेऊन बसलीस? रोलभर आणतो!"

आणि काय ती दिल्ली! नाव मोठं, लक्षण खोटं. रस्ते एवढे रुंद की पलीकडं पोचेपर्यंत भूक लागावी. आणि भूक लागली तर खायचं काय? तांबडा रस्सा मागितला तर पिवळं पाणी पुढं ठेवलं. ह्याला राजधानी म्हणायचं?

लाल किल्ल्यापुढं एक फोटोवाला. तिपाईवर लाकडी पेटी, वर काळं फडकं, खाली पाण्याची बादली. "बाबूजी, बच्चे का फोटो!" म्हणून मागंच लागला. असला राग आला! गळ्यात एवढा नवा कॅमेरा लोंबतोय, दिसत न्हाय व्हय ह्याला? मी आपल्या कोल्हापुरी हिंदीत सुनावलं, "ए पावणं! पयले तुमारा काच पुसो, बाद में फोटू काढो!"

त्यानं माझ्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि पोट धरून हसला. म्हटलं, जळतंय बेणं!

संजू चार वर्षांचा. मी कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावला की हे पोरगं माझ्याकडं बोट करायचं.

"आबा, ते बघा की..."

"बोट खाली!"

"पर आबा, तिथं..."

"गप ऱ्हातोस का न्हाय? सगळं आईच्या वळणावर गेलंय!"

बायको म्हणाली, "अवो, पोरगं काय म्हणतंय ते ऐका तरी."

"तुला फोटोतलं काय कळतंय?" म्हटलं, आणि रोल तिथंच संपवला.

तरी बायकोनं हट्ट धरलाच. तिघांचा एक फोटो म्हणे, त्या पेटीवाल्याकडनं! उभा राहिलो नाक मुरडून. मुद्दाम कॅमेरा पिशवीतनं बाहेर काढून छातीवर ठेवला. बघू दे बेट्याला, खरी वस्तू कशी असती! फडक्याखाली त्याचे खांदे हलत होते. संजूचं बोट परत वर. मी लक्षच दिलं न्हाय.

घरी आल्यावर रोल धुऊन आणला. आईपुढं फोटो ठेवले. तिनं एक जवळ धरला, मग लांब धरला, मग उलटा धरला.

"ह्यात संजू कुठं हाय रं?"

कुठला संजू आणि कुठला किल्ला! सगळे फोटो धुक्यासारखे पांढुरके.

"दिनकऱ्या," आई म्हणाली, "हा तर पावसाळ्यातला गगनबावडा हाय की! ह्याच्यासाठी दिल्ली कशाला? यष्टीनं सकाळी जाऊन संध्याकाळी आला असतास!"

मी रोलला शिव्या घातल्या, धुणाऱ्याला घातल्या, दिल्लीच्या हवेला घातल्या. आई मात्र हळूच म्हणाली, "म्हंजे मला काय दिसायचं न्हाय ते."

तेवढ्यात बायकोनं ट्रंकेतनं, साडीच्या घडीतनं, पेटीवाल्यानं काढलेला फोटो बाहेर काढला. लख्ख! किल्ल्याचा बुरूज लख्ख, संजूच्या शर्टाची गुंडीन् गुंडी लख्ख. आईनं फोटोतल्या नातवाच्या गालावरनं हात फिरवला आणि बोटं मोडली. मग तिची नजर फोटोतल्या माझ्या छातीवर अडली.

"दिनकऱ्या, ह्या मशीनच्या डोळ्याला टिकली कसली रं?"

खंडेनवमीचं कुंकू! मीच लावलेलं! काचेच्या बरोबर मधोमध, अंगठ्यानं, चांगलं जाड!

"मी तेच सांगत हुतो, आबा!" संजू ओरडला.

बायको पदरात हसत म्हणाली, "मला वाटलं, नाजूक वस्तू हाय, तसंच ठेवायचं असतंय. अडाण्यानं कशाला बोला?" आणि मग बयेनं दिल्लीतली सगळी कथा सासूला सांगितली, माझ्या हिंदीसकट.

आईनं तो फोटो सोप्यात, दारासमोर टांगला. कुणी पै-पावणा आला की आधी संजू दाखवायची, मग किल्ला, आणि शेवटी माझ्यावर बोट ठेवून म्हणायची, "आणि ह्यो आमचा दिनकर. ह्यानं दिल्लीच्या फोटूवाल्याला काच पुसाय शिकवलं."