शुक्रवारची एकादशी

१९५६ सालच्या डिसेंबरची नऊ तारीख, रविवार. सकाळी सहाला मी जाम नदीवर गोधड्या धूत होते. तीन गोधड्या, दोन लुगडी आणि एक पोतं. पाणी इतकं गार की बोटं वाकत नव्हती. पलीकडच्या काठावर सावरगावच्या बाया होत्या. त्यांतली एक ओरडली, "मास्तरीणबाई, रोजच्या रोज गोधड्या? घरी पाळणा हलून राहिला का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आम्हाला मूलबाळ नव्हतं, हे दोन्ही काठांना माहीत होतं. गोधड्या सासूबाईंच्या होत्या.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. वर्षभरापूर्वी त्यांची डावी बाजू गेली होती. डोळे त्याआधीच गेले होते. मालक नागपूरला कचेरीत कारकून होते, तोवर निभत होतं. दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ते पांढुर्ण्याला येत. आईला उचलणं, न्हाऊ घालणं, पाठ पुसणं ते करत आणि मी रविवारी झोपत असे. एक नोव्हेंबरला राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं गाव मध्य प्रदेशात राहिलं आणि त्यांचं टेबल भोपाळला गेलं. आता ते दोन-तीन महिन्यांतून एकदा येणार होते. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे, अकरा ते पाच. जाताना दाराला बाहेरून कडी लावायची, आल्यावर ओली गोधडी काढायची. मालकांना पत्रात लिहायची, सर्व कुशल.

आत्याबाई एकादशी आणि इतर उपासही निर्जळी करत, पाण्याचा थेंबही नाही. तिथी मात्र त्या मला विचारत, कारण पंचांग त्यांना दिसत नव्हतं. दिवाळीनंतर एकदा मी चुकून आदल्याच दिवशी एकादशी सांगितली. संध्याकाळी आले तर गोधडी कोरडी. ती चूक मी दुरुस्त केली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितली. मग कधी प्रदोष, कधी संकष्टी, जे सुचेल ते. शेजारच्या काकू येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत, "म्हातारी काय कडक आहे! या वयात इतके उपास!" त्याच आठवड्यात शुक्रवारी शाळेची तपासणी होती, घरी यायला सात वाजणार होते. मी सकाळीच म्हटलं, "आत्याबाई, आज एकादशी."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या कमरेखाली जखम झाली होती, म्हणून त्या रविवारी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना मी घरी बोलावलं होतं. मी नदीवरून आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, बोलायला तुटक. आधी त्यांनी बाहेरच्या कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कडी काढली.

आत जाऊन त्यांनी आत्याबाईंच्या हातावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. जीभ दाखवायला सांगितली. कोरडी, मधोमध चीर गेलेली.

"आजी, लघवी किती वेळा होते?"

"दोनदा," मी म्हटलं.

"जेवता काय?"

"भाकरी कुस्करून देते. पण उपास फार करतात."

"बाई, मी त्यांले विचारून राहिली. तुम्ही जरा पाणी गरम करून आणा."

चुलीशी बसले की मधल्या कुडातून सगळं ऐकू येत असे.

"आजी, पाणी काहून नाही पीत?"

"उपास असते."

"कोणता?"

"सून सांगते तो."

"एका पंधरवड्यात किती एकादशा येतात, आजी?"

आत्याबाई म्हणाल्या, "एकच. मले माहीत हाय. खऱ्या एकादशीले देवळात रातच्यानं टाळ वाजतात. शुक्रवारी नाही वाजले."

"मग बोलत काहून नाही?"

"कोणाले सांगू? हे सून बी गेली सोडून, त मले कोण हाय? माझी सून चांगली हाय वो. मारत नाही."

पाण्याला उकळी आली होती. मी ते उतरवलं नाही.

नर्सबाईंनी हाक मारल्यावर मी ते आत नेलं. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि त्या स्वयंपाकघरात आल्या. माझी कानउघाडणी होईल असं वाटलं होतं. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी बंद केलं की लघवी जहाल होते, कातडी सोलून काढते. गोधडी एक कमी धुवाल, जखम वाढवाल. असंच चाललं तर महिनाभरात म्हातारी जाईल आणि लोक म्हणतील, उपासानं गेली, पुण्यवान होती."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"दर दोन तासांनी कूस बदलायची. तेव्हाच दोन घोट पाणी. आणि कोणी काही विचारलं तर त्यांच्या वतीनं तुम्ही उत्तर देऊ नका. मी घरोघर जाते. ज्या घरात दुखणाईताला बोलू देत नाहीत, तिथं मी पांघरूण उघडून पाहते. एकटीनं हे होत नाही. तुम्ही कोणाला सांगितलं?"

"कोणाला सांगू?" मी म्हटलं. आताच कुडापलीकडून आलेले शब्द होते ते.

"हे घर बंद आहे, बाई," त्या उठत म्हणाल्या. "तुमच्यासाठीही."

मला राग आला. सहा आठवडे एकही दिवस न चुकता नदीवर जाणारी मी, आणि ही अर्ध्या तासात येऊन सांगणार! दुपारी तांब्या घेऊन बाजेपाशी गेले तेव्हाही राग होताच.

"आज कोणती तिथी?" आत्याबाईंनी विचारलं.

"सप्तमी. पाणी प्या."

"आन् शुक्रवारी?"

"पंचमी होती. मी खोटं सांगितलं."

त्यांनी ओठ पुढे केले, पण तांब्याला लावले नाहीत. "म्हंजे तेवढ्या एकादशा मले फुकटच्याच भेटल्या," त्या म्हणाल्या. मग प्यायल्या. तांब्या अर्धा झाला, तरी माझं मनगट त्यांनी सोडलं नाही. संध्याकाळी गोधडी ओली झाली, रात्रीही. मी बदलली. या कामाची गोडी लागली असं अजिबात नाही. गोधडीला वास येतोच, पाठ दुखतेच.

सोमवारी सकाळी शेजारच्या काकूंकडे गेले. त्या ज्वारी पाखडत होत्या. उभ्यानंच सांगितलं, "मी शाळेत असते तेव्हा दुपारी दोनदा जाऊन आत्याबाईंची कूस बदलून त्यांना पाणी पाजाल का? मला एकटीनं होत नाही."

काकूंचं सूप थांबलं. "पण उपास नसते का त्यांचे?"

"नसतात. मी सांगत होते."

त्यांनी सूप खाली ठेवलं. संध्याकाळपर्यंत हे अख्ख्या आळीत होणार आणि मंगळवारी नदीच्या पलीकडेही, हे मला कळत होतं. "येते," त्या म्हणाल्या, एवढंच.

घरी आले. बत्ता घेतला आणि दाराची बाहेरची कडी ठोकून काढली. चौकट जुनी होती, एक खिळा काही केल्या निघेना. शाळेत पोचायला दहा मिनिटं उशीर झाला.