बिफोर टायम आत्या

गणपती बोळवले की दुसऱ्या दिवशी आत्या नाताळच्या तयारीला लागायची. दौंडच्या रेल्वे कॉलनीत गाडी वेळेआधी आली की 'बिफोर टायम आली' म्हणत. त्यावरून सगळी कॉलनी तिला 'बिफोर टायम' म्हणायची आणि तिला ते आवडायचं. भादव्याच्या उन्हात ती कापड घेऊन शिंप्याच्या दारात उभी राहायची. शिंपी म्हणायचा, "बाई, अजून पितरं जेवायचीत, आन् तुमचा नाताळ आला व्हय?" ती म्हणायची, "डिसेंबरात तू माझं पोलकं बिघडवतोस. आत्ता बिघडव, म्हंजी सुधारायला टायम हाय."

तुम्ही दोघं परदेशातून फोनवर दरवर्षी विचारता, आजी, नाताळात आमच्याकडे नुसती पळापळ असते, तुझ्याकडे कशी नसायची? त्याचं उत्तर ही आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचा फोटो माझ्याकडे नाही, म्हणून लिहून ठेवते.

आम्ही शिरूरला राहत होतो. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. आमच्या घरी नाताळ म्हणजे आईची दैना. शेवटच्या दिवशी रवा भाजायचा राहिलेला, घराला चुना लावायचा राहिलेला, आणि आई कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हाताने डोळे पुसत असायची. सकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ती भक्तीला बसल्या बसल्या झोपायची. वडील तिला हळूच कोपराने ढोसत. मला मात्र दिवाळीच्या सुट्टीत, आणि काही वर्षी नाताळालाही, एस.टी.त बसवून दौंडला आत्याकडे पाठवत, आणि तिथे मला वाटायचं की आपण दुसऱ्याच कुठल्या धर्मात आलो आहोत.

आत्याचं सगळं शेजाऱ्यांच्या सणांवर बसवलेलं होतं. दसऱ्याला कॉलनीतले लोक घरं धुवायचे, तेव्हाच ती चुना लावून घ्यायची. दिवाळीत कंदिलासाठी कामट्या आणि रंगीत कागद बाजारात यायचे, तेव्हा आमची नाताळची चांदणी तयार होऊन कापडात गुंडाळून माळ्यावर जायची. अनारशाचे तांदूळ भिजत पडायचे, कुटले जायचे, गुळात मळून गोळा बरणीत बसायचा. "ह्यो गोळा म्हंजी शहाणं लेकरू," ती म्हणायची. "कितीबी दिवस ठेवा, रडत न्हाई." बेकरीवाल्या चाचांना ती दिवाळीतच सांगून ठेवायची की केकचा डबा भट्टीत कधी घालायचा. बाकीच्या बायका नाताळच्या आदल्या दिवशी डबे घेऊन भट्टीसमोर भांडत असत. चाचा म्हणायचे, "भाभी, तुमच्यासाठी भट्टी मी रमजानमध्ये पण पेटवीन, पण जरा नाताळ जवळ तर येऊ द्या." शेवटचा घाणा नाताळच्या आधी चांगला आठवडाभर निघालेला असायचा. त्यानंतर कढई घासून पालथी घातली की ती सणापर्यंत सरळ व्हायची नाही.

मी एकदा तिला विचारलं, एवढी घाई कशासाठी. ती शंकरपाळे कातत होती. कातणं न थांबवता तिने सांगितलं.

आत्याचे यजमान मालगाडीवर गार्ड होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. गार्डाला सण नसतो. कॉलमन दारात येऊन ड्यूटीची हाक मारी, वहीवर सही घेई, की मामांनी पेटी उचलायची आणि गाडीच्या शेवटच्या डब्यात जाऊन बसायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळाला मामा दुपारी घरी आले. आत्या कढईपुढे होती. मामा पाट ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसले आणि म्हणाले, "बस की जरा माझ्यापाशी." ती म्हणाली, "येवढा घाणा काढते आन् आलेच." तो घाणा निघाला, मग पुढचा पडला. मामा तिथेच बसल्या बसल्या तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग कॉलमनची हाक आली.

"बाये, त्या दिवशी मी त्यांचं तोंडसुद्धा नीट बघितलं न्हाई," आत्या म्हणाली. "तवा ठरवलं. नाताळाला माझं हात मोकळं पायजेत. ते कवाबी येऊंदे."

पण मामा यायचे नाहीत. हे मला फार उशिरा उमगलं. मी पाहिलेल्या एकाही नाताळाला मामा घरी नव्हते. आत्या देवळातून येऊन, नवं लुगडं नेसून, मामांच्या खुर्चीशेजारी खाटेवर बसायची. हात मांडीवर. माणसं यायची, फराळ करायची, जायची. ती उठून दारापर्यंत जायची आणि परत त्याच जागी बसायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मामा काजळीने काळे होऊन यायचे आणि हसत म्हणायचे, "आमच्या घरात बाळ जन्मायच्या आधी बारसं उरकतंय, आन् बापाला पत्ता न्हाई." मूलबाळ त्यांना नव्हतं.

मी पुण्याला कॉलेजात इंग्रजी शिकत होते, त्या वर्षी मामांना नाताळची रजा मिळाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत्याने ती बातमी पाण्याच्या नळावर सगळ्यांना सांगितली. मी कॉलेजला नाताळची सुट्टी लागताच गाडीने थेट दौंडला उतरले, तर करायला काही शिल्लकच नव्हतं. डबे भरून फडताळात ओळीने लावलेले, चांदणी दारावर टांगलेली, मामांचा नवा सदरा खुंटीला. मामा म्हणाले, "एवढी एक फेरी टाकून येतो, मग चार दिवस तुझ्या आत्यापुढं नुसता बसून ऱ्हातो. कंटाळंल ती."

"जा आन् या," आत्या म्हणाली. "बसायला शिकवते तुमाला."

परतीच्या फेरीत मालगाडी एका लहान स्टेशनाच्या अलीकडे सिग्नलला थांबली. सिग्नल पडला, ड्रायव्हरने शिट्टी दिली, मागून गार्डाचा हिरवा बावटा हलला नाही. पुन्हा शिट्टी दिली. मग कुणीतरी रुळांच्या कडेने चालत मागे गेलं. मामा डब्यात बाकावर बसलेले होते, टेकून. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही त्यांना मातीआड केलं. नवा सदरा घालूनच.

आपल्याकडे मयताच्या घरात तळण होत नाही. शेजारच्या बायका येतात, चूल सांभाळतात, पाणी भरतात, पोरंबाळं आवरतात. दुःखात असलेल्या बाईला त्या कामाच्या मधोमध बसवतात, आणि मग हळूहळू तीही एखादं भांडं उचलते. नाताळच्या सकाळी शेजारच्या रखमाकाकू पदर खोचून आल्या. त्यांचे यजमान लोकोशेडमध्ये फिटर होते. त्या हांड्यापाशी गेल्या, तो भरलेला. मोरीत गेल्या, एक भांडं खरकटं नव्हतं. पिठाचा डबा उघडला, तो काठोकाठ. येणाऱ्यांसाठी काही आणावं म्हणून त्यांनी फडताळ उघडलं आणि त्या ओळीने लावलेल्या डब्यांकडे बघत राहिल्या. मग तिथेच जमिनीवर बसून रडायला लागल्या.

"वैनी, कायतरी करायला ठेवायचं व्हतं की वं आमच्यासाठी."

आत्या खाटेवर बसली होती. शेजारी खुर्ची. हात मांडीवर, तळवे वर केलेले, जणू कुणीतरी त्यात काही देणार आहे. ती रडत नव्हती. अकराच्या सुमाराला बेकरीवाले चाचा स्वतः आले. कापडाखाली झाकलेला केकचा डबा हातात धरून ते दारातच उभे राहिले. "भाभी, वायदा होता. डबा परवाच भट्टीत घातला, आणि मग बातमी कळाली." आत्या उठली, डबा घेतला, म्हणाली, "टायमावर आणलात चाचा." आणि परत येऊन बसली. तो सगळा दिवस ती तशी बसली. घरात इतकी शांतता होती की कॉलमन दुसऱ्या कुणाच्या दारात हाका मारत होता तेही ऐकू येत होतं. प्रत्येक हाकेला तिची मान उचलायची.

क्वार्टर सोडावी लागली. वडील तिला शिरूरला घेऊन आले. मामांची खुर्ची आणायची होती, पण टेम्पोत जागा नाही म्हणून ती रखमाकाकूंकडे राहिली.

आता यापुढचं सांगणं मला जड जातं. दरवर्षी दौंडहून परतल्यावर मी आत्याची पद्धत आईला सांगायची, आणि एवढ्या वर्षांत आई ती शिकली होती. शिंपी, चुना, अनारशाचा गोळा, सगळं वेळेआधी. त्यातून घरात दुःख आलेलं, म्हणून पुढच्या नाताळाला आईने आणखीच लवकर आवरलं, वन्संना त्रास नको म्हणून. नाताळच्या आदल्या दिवशी आत्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "काय करायचं ऱ्हायलंय?"

"काही नाही वन्सं. तुमच्याच वळणानं केलंय सगळं. तुम्ही निवांत बसा."

"दळण?"

"झालं."

"तांदूळ निवडायचं असतील."

"परवाच निवडून ठेवले. तुम्ही बसा हो."

आई प्रेमाने म्हणत होती. आत्याने मान हलवली आणि ती मागच्या अंगणात गेली.

थोड्या वेळाने मी तिला चहा द्यायला गेले. ती भिंतीच्या उन्हात बसली होती. पुढ्यात परात, परातीत आईने निवडून ठेवलेले पांढरेशुभ्र तांदूळ. आत्याने अंगणातून मूठभर बारीक खडे वेचले होते. मी पाहत असताना तिने ते तांदळांत टाकले, दोन्ही हातांनी नीट कालवले, परात जराशी हलवली. मग एकेक खडा शोधून बाहेर काढायला लागली.

मी आल्याचं तिला कळलं. वर न बघता म्हणाली, "तुझ्या आईनं नीट निवडलं न्हाईत. खडं ऱ्हायलेत." तिची बोटं भराभर चालत होती. मी चहा तिच्याजवळ ठेवला आणि आत गेले. ऊन सरेपर्यंत ती निवडत होती. नाताळच्या दिवशी सगळे देवळातून आल्यावर ती पुन्हा परात घेऊन बसली. आईने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार हळूच ओढून घेतलं.

त्यानंतरही ती काही नाताळ आमच्यात होती. 'बिफोर टायम' हे नाव शिरूरला कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही. ती गेली तेव्हा मी लग्न होऊन लांब होते. पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

तर पळापळ कशी टाळायची, ते एवढंच आहे. कपडे पावसाळा सरता सरता शिवायला टाका. घर आधी आवरा. जे टिकतं ते आधी करा. मी आजही तसंच करते. डिसेंबर अर्धा सरला की माझे हात मोकळे असतात. तुमचे आजोबा होते तोवर त्यांच्याशी पत्ते खेळत बसायची. आता सकाळी देवळातून येते आणि फोनपाशी बसते. तिकडे तुम्ही उठता तेव्हा इकडे संध्याकाळ झालेली असते. मधला दिवस मोठा आहे.

गेल्या नाताळाला दुपारी मी तांदळाचा डबा काढला, परातीत ओतला, चष्मा लावून खिडकीपाशी बसले. पण हल्ली तांदूळ दुकानातून निवडूनच येतात. एकही खडा नव्हता. आणि या इमारतीला अंगण नाही.