हत्त्याला डबा आणायचा नाही

दुबईच्या डोंगराळ भागातलं हत्ता गाव, तिथल्या तलावावर जाताना कोणीही घरून डबा आणायचा नाही, असा हुकूम मी काढला आणि तो सगळे पाळतील असं धरून चाललो. चूक एवढीच. पुढचं सगळं या एका चुकीच्या पोटातून निघालं.

दुबई-शारजात विखुरलेला आमचा सहा कुटुंबांचा गट आहे. सगळी मुंबई-पुण्याकडची नोकरदार माणसं, मुलं धरून बावीस डोकी. थंडी पडली की वर्षातून एकदा दिवसभर कुठेतरी जायचं, आणि तिथे जेवायचं कुठे हे मी ठरवायचं. हे काम मला कोणी दिलेलं नाही, मी घेतलेलं आहे. त्यातली माझी कामगिरी अशी. एका वर्षी फुजैराला सगळ्यांना ज्या हॉटेलात नेलं, तिथे टायरचं दुकान निघालं. पूर्वी इथे हॉटेल होतं आणि चांगलं होतं, हे टायरवाल्यानेही मान्य केलं. पुढच्या वर्षी रास अल खैमाला ताजे मासे खाऊ घालतो म्हणून नेलं. मासे खरोखर ताजे होते, म्हणजे कच्चे होते. ते निवडायचे, साफ करून घ्यायचे आणि दोन गल्ल्या सोडून एका दुकानात भाजायला द्यायचे, असा तिथला रिवाज. त्यात त्या दिवशी संकष्टी निघाली. दोन्ही वेळा आमची पोटं भरली ती कोणाच्या तरी डिकीतल्या पुऱ्यांनी.

त्या पुऱ्याच मला डाचत होत्या. पंधरा-वीस वर्षं या देशात काढली, तरी आपण डोंगर बघतो, पाणी बघतो आणि मग गाडीच्या सावलीत चटई टाकून बटाट्याची भाजी खातो. आजूबाजूचं अख्खं जग कोळशावर काहीतरी भाजत असतं, आणि आपण लोणच्याची बाटली शोधत असतो. यंदा हे खलास करायचं, असं मी ठरवलं.

म्हणून आधी दोन रविवार एकटा हत्त्याला जाऊन आलो. घरी सांगितलं की साइटवर काम आहे. धरणापाशी उभ्या असलेल्या फूड ट्रकवर बर्गर खाल्ला. पंचेचाळीस दिरहम, म्हणजे हजार रुपयांच्या वर, हा हिशेब मी ट्रकवाल्यासमोरच मोठ्यांदा केला. तो पंजाबी असल्यामुळे हसला. वरच्या अंगाला एक रेस्टॉरंट होतं, तिथून पाणी फार सुंदर दिसायचं, आणि ते बघत बसावं म्हणूनच बहुधा जेवण यायला तासभर लागायचा. एका ठिकाणी जमिनीवर बसून मोठ्या परातीत भात आणि अख्खी मटणाची मांडी. उत्तम, पण आमच्यातली पाच माणसं शाकाहारी. पेट्रोल पंपाच्या मागे एका पठाणाकडे तंदूरची रोटी इतकी चांगली की तिच्याबरोबर काय खाल्लं ते आठवत नाही.

दुसऱ्या रविवारी चहा प्यायला गावातल्या एका केरळी माणसाच्या कॅफेटेरियात शिरलो. बायकोचा फोन आला. साइटवर खूप धूळ आहे, आवाज नीट येत नाही, असं मी तिला सांगत होतो. फोन ठेवला तेव्हा तव्यावर परोटे उलटणारा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "साइटवर चाय बरा मिळतो नाय, साहेब?"

तो मंडणगडकडचा होता. आधी सात वर्षं अबूधाबीजवळ मुसफ्फाला लेबर कॅम्पच्या मेसमध्ये भाताचे हंडे उतरवत होता, मग इथे आला. इथे चार वर्षं या तव्यासमोर. चार वर्षांत त्याला परोट्याशिवाय काही कोणी मागितलं नव्हतं. आई गावात लग्नाकार्याची जेवणं करायची, तिच्या हाताखाली तो शिकलेला. कोंबडी-वडे करतोस का, म्हणून मी विचारलं. तो हसला नाही. "खाणारा असला तर करीन," म्हणाला.

तिथल्या तिथे सगळं ठरलं. बावीस माणसं, पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी दीड. कोंबडीचा रस्सा, वडे, शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याची उसळ, आणि सोलकढी. मालकाला विचारलं तेव्हा तोही तयार झाला, आणि वर एक गोष्ट म्हणाला: ही माणसं खूश होऊन गेली तर दर रविवारी हे जेवण बाहेरच्या बोर्डावर लावायचं, याला आत स्वयंपाकाला घ्यायचं आणि तव्यावर दुसरा माणूस ठेवायचा. हे त्या मंडणगडकराने मला दोनदा सांगितलं. एकदा समोर, आणि एकदा मी घरी पोचल्यावर व्हॉइस मेसेजवर, माझ्या डोक्यात नीट शिरलं की नाही याची खात्री करायला.

मला सगळ्यांची तोंडं बघायची होती. तलावावरून उतरून आलेत, भूक लागलीय आणि समोर फुगलेले वडे. म्हणून त्या माणसाबद्दल मी कोणाला काही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ग्रुपवर फक्त हुकूम टाकला: जेवणाची सोय चोख आहे, डबा आणायचा नाही, आणेल त्याला पुढच्या वर्षी नेणार नाही. दहा मिनिटांत सगळ्यांचे अंगठे आले. शारजात रोल्ल्याला राहणारा माझा वीस वर्षांपासूनचा मित्र, आम्ही एकाच खोलीत बॅचलर म्हणून राहिलो होतो, त्याने लिहिलं, "तू म्हणशील तसं. इन्शाल्ला." त्या इन्शाल्लापाशी मी थांबायला हवं होतं. इथे राहणाऱ्या कोणालाही त्याचा अर्थ कळतो: बहुधा नाही.

जायच्या दिवशी पहाटे घरात तळणीचा वास सुटला होता. शेजारणीकडे पाहुणे आलेत, तिला हातभार म्हणून करतेय, असं बायको म्हणाली. मला तिचं कौतुकच वाटलं. खाली गाडीत ठेवायला तिने दोन मोठ्या पिशव्या माझ्या हातात दिल्या. मुलं पाण्यात भिजतील, टॉवेल आहेत, म्हणाली. टॉवेल इतके जड कसे, हे मी विचारलंसुद्धा. ओले टॉवेल जड होतात, असं उत्तर मिळालं. ते अजून ओले झालेलेच नाहीत हे माझ्या लक्षात येईपर्यंत गाडी महामार्गाला लागली होती, आणि मग विषय राहून गेला.

तलावावर सगळे खुशीत होते. पाणी हिरवंगार, मुलं पायाने चालवायच्या होड्यांत. मी बारा वाजता सगळ्यांना सांगितलं की जरा व्यवस्था बघून येतो, दीडपर्यंत कोणी काही खाऊ नका. कोणी माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. पाण्यावरचं ऊन डोळ्यांवर येत असेल, असं मला वाटलं.

कॅफेटेरियात टेबलं जोडून लांब पंगत केली होती. मालकाने टीव्ही बंद केला होता. मंडणगडकराने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वर ॲप्रन. रस्सा झालेला, पीठ मळून ठेवलेलं. वडे माणसं बसली की गरम काढणार. कोकम गावाहून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून मागवलं होतं. चव बघा म्हणून तो वाटी पुढे करत होता, पण मी नको म्हणालो, सगळ्यांबरोबरच खाईन. "तुमी खाल्ल्याबिगर मी पण नाय खात," तो म्हणाला आणि वाटी झाकून ठेवली.

बाहेर पार्किंगची रांग लागली होती, परत पोचायला मला एक वाजून गेला. तलावाच्या काठी चटया अंथरलेल्या होत्या आणि माझी माणसं त्यांवर आडवी झाली होती. एक जण घोरत होता. मधोमध स्टीलचे डबे, झाकणं उघडी. पुऱ्या, पुलाव, कोथिंबिरीच्या वड्या, श्रीखंड. डब्यांच्या शेजारी आमच्या टॉवेलच्या दोन पिशव्या, चपट्या होऊन पडलेल्या. म्हणजे हा माल हत्त्याला मीच माझ्या गाडीतून वाहून आणला होता.

मी काय बोललो ते नीट आठवत नाही. माझ्या मुलीने कानातला इअरफोन काढून वर बघितलं. "बाबा, डोन्ट बी सो ड्रमॅटिक. देअर वॉज अ ग्रुप."

ग्रुप होता. माझा हुकूम आल्यानंतर तासाभरात काढलेला. मी सोडून सगळे त्यात होते. कोणी काय आणायचं, किती माणसांना, कोणाच्या डिकीत, सगळं नीट वाटून घेतलेलं. ग्रुपचं नाव होतं 'हत्ता (खरा)'. ॲडमिन माझी बायको.

मला जेवणाचं दुःख नव्हतं. टायरच्या दुकानाबद्दल त्यांनी तोंडावर बोलून घेतलं असतं तर मी ऐकलं असतं. पण महिनाभर ही बाविसांतली एकवीस माणसं मला अंगठे दाखवत होती आणि पाठीमागे श्रीखंडाचं प्रमाण ठरवत होती. माझ्या घरात, माझ्या शेजारच्या उशीवर, त्या ग्रुपचा ॲडमिन झोपत होता. रोल्ल्याचा मित्र उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि झाकलेली एक ताटली पुढे केली. "चिडू नकोस रे. तुझं काढून ठेवलंय." सगळ्यात जास्त लागलं ते हे. कटातसुद्धा माझी सोय केलेली होती.

मग मी त्या माणसाबद्दल सांगितलं. तवा, चार वर्षं, मालकाचा बोर्ड, मळून ठेवलेलं पीठ. घोरणारा उठून बसला.

"हे आधी का नाही सांगितलंस?" बायकोने विचारलं.

सरप्राइज होतं, मी म्हणालो. सगळ्यांच्या आधी तिनेच चटईची घडी घालायला घेतली. "यल्ला, उठा," म्हणाली. कोणी नाही म्हणालं नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. भरल्या पोटाची एकवीस माणसं आणि उपाशी मी, असे गाड्यांत बसलो आणि जोडलेल्या टेबलांवर जाऊन बसलो.

वडे टम्म फुगलेले आले. रस्सा कसा होता? मी नऊ वडे खाल्ले, त्यातले शेवटचे चार श्वास रोखून, आणि तरी सांगतो की तसा रस्सा मी या देशात खाल्लेला नाही. मित्राने पाच खाल्ले. पाचव्याला त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाकीच्यांनी अर्धा-अर्धा वडा मोडला, सोलकढी ओठाला लावली आणि तोंड भरून स्तुती केली. काय सुंदर, अगदी गावची चव, असं सगळीकडून चाललं होतं. पण स्तुती मराठीत होती आणि मालकाला मराठी येत नव्हती. ताटं वाचता येत होती. ती तो स्वतः उचलायला आला आणि एकेका ताटाकडे बघत गेला.

मी त्याच्या मागे जाऊन हिंदीत समजावलं की जेवण फार चांगलं आहे, फक्त हे लोक आधीच जेवून आलेत. तो थांबला.

"सर, पसंद नहीं आया तो बोलो. बाईस आदमी का ऑर्डर देके खाना खाके कौन आता है?"

तो आत जाऊन मंडणगडकराशी मल्याळममध्ये दोन वाक्यं बोलला. आवाज चढवून नाही, साधंच. बाहेर एका गाडीने ऑर्डर द्यायला हॉर्न वाजवला. मंडणगडकर आतून आला, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि तव्यासमोर जाऊन उभा राहिला.

उरलेलं सगळं त्यानेच फॉइलच्या डब्यांत भरून दिलं होतं. बायका ते गाड्यांत ठेवत होत्या. म्हणजे परतताना आमच्याकडे पुन्हा डबेच होते. मी तव्यापाशी गेलो. पुढच्या महिन्यात परत येतो, मालकाशी परत बोलतो, असं काहीतरी म्हणालो. मग राहवेना, आणि मी त्याला सगळं सांगत सुटलो: माझ्याशी कसा दगा झाला, ग्रुप कसा काढला, टॉवेल म्हणून पुऱ्या कशा आणल्या, वीस वर्षांच्या मित्राने कसा अंगठा दाखवला. बायकोनेसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवू नये, म्हणालो, याला काय म्हणायचं?

त्याने दोन परोटे उलटले, दाबले, कागदात गुंडाळले आणि गाडीवाल्याला देऊन आला. झाकून ठेवलेली ती रश्श्याची वाटी अजून फळीवर तशीच होती.

"ज्यांनी तुमच्यावर विश्वास नाय ठेवला ती सगळी पोटभर जेवली, साहेब," तो म्हणाला. "ठेवला तो मी एकट्यानं. मी सकाळपासून उपाशी हाय."